लग्नपत्रिकांचा साखर कारखाना

३० ऑगस्ट, शनिवार

शेखलालने आज माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन, माझीच अब्रू काढली.

माडीवरच्या खोलीत माझी रेल्वे आहे. प्लायवूडच्या टेबलावर दौंड स्टेशन, यार्ड, दोन सिग्नल आणि गोल फिरून परत येणारी लाइन. इंजिन वीतभर, डबे त्याच मापाचे. रिटायर झाल्यापासून मी बहुतेक तिथेच असतो. शेखलाल कंट्रोलरची चकती फिरवून मालगाडी चालवत होता. दोन फेऱ्या झाल्या आणि म्हणाला, "माऊली, गाडीत काय हाय?"

"माल."

"कुठनं भरला? कुठं उतरवायचा?"

मी जन्मभर मालगाडीचा गार्ड, तो ड्रायव्हर. तो गाडीच्या एका टोकाला, मी दुसऱ्या, अशी आमची मैत्री. आणि आमच्या दोघांच्या देखत टेबलावरची मालगाडी विनाकारण हिंडते!

"पेन्शनरची गाडी हाय ही," शेखलाल म्हणाला. "सकाळी निघायचं, गावाला येढा मारायचा, जेवायला घरी."

खोटं काय म्हणा. तेव्हा ठरवलं, टेबलावर कारखाना उभा करायचा. साखरेचाच. शिरूर-दौंडकडच्या माणसाला दुसरा कुठला सुचणार? बॉयलर, चिमणी, वजनकाटा, मळीच्या टाक्या, गोदाम आणि गोदामाला खेटून सायडिंग, म्हणजे माल भरायची बाजूची लाइन. अशा इमारतींचे तयार भाग विकत मिळतात, पण ते परदेशी. उतरती छपरं, वर पांढरा बर्फ. आमच्या गावी, मांडवगण फराट्याला, भावकीने बर्फ फक्त रसवंतीवर पाहिलाय. म्हणून सगळं हाताने करायचं. बॉयलर पेटवायचा मुहूर्त दसरा.

२ सप्टेंबर, मंगळवार

भिंतींना पुठ्ठा हवा होता. दुकानातला आणला, तो फेविकॉल लागताच पापडासारखा वळला. खरा माल घरातच निघाला. लग्नपत्रिका! आमच्याकडची पत्रिका म्हणजे कागद नव्हे, दरवाजाच. आमदारांपासून चुलत्याच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांची नावं पेलायची तर पुठ्ठा दणकटच लागतो. वरवंडच्या एका लग्नाच्या पत्रिकेत अख्खं गोदाम बसलं.

बायकोने, म्हणजे सविताने, अटी घातल्या. "लग्न होऊन गेल्याबिगर पत्रिकेला कात्री लावायची न्हाई. आन् गणपती आधी कापून माझ्याकडं द्यायचा." ते कापलेले गणपती ती एका डब्यात ठेवतेय, विसर्जनाला सोडणार आहे. पुढे म्हणाली, "खोली माझी, पत्रिका मी जपून ठेवल्या. म्हंजी जमीन माझी आन् भांडवलबी माझंच. चेअरमन मी."

शेखलालने लगेच अनुमोदन दिलं. निवडणूक बिनविरोध झाली. आमच्या तालुक्यात असं पहिल्यांदाच घडलं असेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

काम जोरात. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं करायचं, म्हणजे पुरता उभा माणूस बोटाच्या पेराएवढा. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी कंगव्याच्या दातांवर दाबली की हुबेहूब पन्हळी पत्रा तयार होतो. कंगवा सविताचा, माझ्या डोक्याला त्याची गरज सरलीय. चिमणीला नळाचा पाइप. मळीच्या टाक्या हिंगाच्या डब्यांच्या. कारखान्याला मळीचा वास यायला हवा, आमच्या कारखान्याला आमटीचा येतो.

रंगकाम शेखलालकडे. लोको शेडमध्ये दसऱ्याला इंजिन सजवायचं तर ब्रश त्याच्याच हातात असायचा. पण आज त्याचं लक्ष नव्हतं. खिडक्यांच्या चौकटी रंगवायला दिल्या, तर अर्धा रंग भिंतीवर. ब्रश धुवायच्या पाण्याऐवजी माझ्या चहात बुडवला. मी ओरडलो तर म्हणाला, "तुझ्या चहाला रंग येत न्हाई म्हणून घातला."

एक गंमत लिहून ठेवतो. हल्ली खुर्शिदभाभी रोज त्याच्याबरोबर येतात. जिना चढताना एक पाऊल पुढे राहून बोलत असतात. "पायरी. आता वळण. चौकटीला वाका." ज्या माणसाने अख्खी गाडी घाटातून उतरवली, त्याला बायको जिना शिकवतेय! मी सविताला म्हटलं, भाभी फार हुकूम करायला लागल्या.

सविताने माझ्याकडे नीट पाहिलं. "अजून काय काय दिसलं तुम्हाला?" म्हणाली.

मी सांगितलं, दोघी कोपऱ्यात सारखं कुजबुजता तेही दिसलंय. नवीन भिशी लावताय ना? ती तडक खाली गेली. म्हणजे भिशीच आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

बॉयलर हाउस राखाडी रंगवायचं ठरलं होतं. मी दुपारी डुलकी काढून वर गेलो, तर बॉयलर हाउस हिरवंगार! राखाडीचा डबा शेजारीच, न उघडलेला.

"हे काय?"

शेखलालने ओल्या भिंतीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "आपल्या कारखान्याचा रंग येगळा पायजे. सगळेच राखाडी असत्यात."

भाभी घाईघाईने म्हणाल्या, "मीच डबा दिला, भाऊ. मला हिरवा आवडतो."

नवरा-बायको मिळून माझ्या कारखान्याचे रंग ठरवतात! चेअरमनकडे तक्रार केली. चेअरमन म्हणाल्या, "राहू द्या. डोळ्यांना गार वाटतं." मी एकटा काय करणार, बहुमत त्यांचं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शेजारचे कोंडिबाआप्पा कारखाना बघायला आले. आप्पांनी उभा जन्म कारखान्याला ऊस घालण्यात आणि वजनकाट्यापुढच्या रांगेत काढला. टेबलाभोवती दोनदा फिरले, काट्यापाशी वाकले.

"काटा कुणाच्या बाजूचा ठिवलाय? शेतकऱ्याच्या का कारखान्याच्या?"

"मधोमध ठेवलाय, आप्पा."

"मंग ह्यो कारखाना खरा न्हाई वाटायचा," आप्पा म्हणाले, आणि दसऱ्याला आपलं भाषण ठेवा असं बजावून गेले.

जाताना शेखलालसमोरून गेले, हात उंचावून रामराम केला. शेखलालने बघून न बघितल्यासारखं केलं. आप्पांनी तोंडाने "रामराम" म्हटल्यावर मग एकदम उठून गळ्यातच पडला. आधी एवढा ताठा कशाला? नंतर मी विचारलं, "स्कूटर कुठाय रे तुझी? रोज रिक्षाने येतोस." म्हणाला, इम्तियाजला दिली. इम्तियाज त्याचा मुलगा, शिरूरला राहतो, रांजणगावला कंपनीत आहे. त्याच्याकडे मोटार आहे. मोटारवाल्याला स्कूटर कशाला, हे काही मला कळलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज वाजलं आमचं.

फाटकावरच्या कमानीची पाटी शेखलालकडे होती. बोटभर लांब पट्टी, त्यावर नाव: 'सविता सहकारी साखर कारखाना'. चेअरमन खूश राहावी म्हणून नाव मीच सुचवलेलं. त्याने दोन तास घेतले आणि अक्षरं अशी काढली की 'सविता' खाली आणि 'कारखाना' पट्टीबाहेर पळालेला. मी ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणालो, "मन नसंल तर सांग. उगा करायचं म्हणून करू नको."

काढून घेतला म्हणजे ओढलाच, खरं तर.

त्याने रिकामा हात तसाच धरला. "तूच रंगव," एवढंच बोलला. उठताना टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला, ऊस वर नेणारा पट्टा कोसळला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. भाभी त्याचा हात धरून जिना उतरल्या. आज पायऱ्या सांगितल्या नाहीत.

सविता रात्री जेवताना माझ्याशी बोलली नाही. चूक त्याची, राग माझ्यावर.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शेखलाल आला नाही. घटस्थापना होऊन गेली, तरी नाही. फोनही नाही.

मी आज राखाडी रंगाचा डबा उघडला, ब्रश घेतला, बॉयलर हाउससमोर बसलो आणि डबा बंद केला. हिरवा वाईट दिसत नाही तसा.

एकट्याने काम होतंय, पण कंटाळा येतो. टोमणा मारायला माणूस नसला की हातही चालत नाही. सविता म्हणाली, "जाऊन या की त्यांच्याकडं." मी म्हटलं, मी का जाऊ? ती म्हणाली, "तुमचा गार्डाचा डबा कायम मागंच."

मग तिने स्वतःच भाभींना फोन लावला. बॉयलरची पूजा जोडप्याच्या हातून करायची रीत आहे. चेअरमनसाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं की मान शेखलाल आणि खुर्शिदभाभींचा, आणि पहिली गाडीही शेखलालच काढणार. मला विचारलं नाही. बरं वाटलं, पण तसं तिला दाखवलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आधी सगळं छान झालं, ते लिहितो.

संध्याकाळी खोली भरली. गल्लीतली माणसं, आप्पा, शेखलाल नव्या शर्टात, भाभी. आम्ही दोघं कधी भांडलोच नव्हतो असं वागलो. चिमणीच्या तळाशी धूप ठेवला होता. शेखलाल-भाभींनी नारळ फोडला, हळदकुंकू सविताने वाहिलं. भाभींनी शेखलालचं बोट धरून बटणावर ठेवलं, बॉयलरमध्ये लाल दिवा लागला आणि चिमणीतून धूर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाडूच्या काड्यांची उसाची मोळी आप्पांनी पट्ट्यावर टाकली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मग साखरेची पहिली गाडी सायडिंगमधून निघायची होती. ठरलं असं की आप्पांचं भाषण संपलं की मी सिग्नल हिरवा करायचा आणि शेखलालने गाडी सोडायची. तोवर लाल. आप्पा उसाच्या भावावर घसरले होते. मध्येच कुणीतरी टाळी वाजवली. आणि शेखलालने गाडी सोडली.

"लाल!" मी ओरडलो. गाडी लाल सिग्नलखालून सरळ गेली, काट्याच्या खोलीवर आदळली, खोली उडाली.

"काटा मारला!" आप्पा ओरडले. खोली हसून लोटपोट. शेखलालही हसला. "ब्रेक लागला न्हाई," म्हणाला.

मी हसलो नाही. शेखलालने उभ्या नोकरीत लाल सिग्नल ओलांडला नाही. एकदाही नाही. लाल ओलांडणारा ड्रायव्हर त्याच दिवशी इंजिनवरून खाली उतरतो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सिग्नलकडेच तोंड करून उभा होता, हातभर अंतरावर. आणि हसता हसता भाभींना हळूच विचारत होता, "हिरवा हाय ना?"

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सविताला गणपतीपासून माहीत आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"भाभींनी शपथ घातली हुती. आन् तुम्ही रोज शेखलालभाऊंच्या मांडीला मांडी लावून बसत हुता. मला वाटलं, दिसंल."

दिसलं नाही. चहातला ब्रश दिसला, हिरवा रंग दिसला, स्कूटर दिसली, पायऱ्या सांगणारी भाभी दिसली. या सगळ्यावर मी काय काय लिहिलंय ते आज मागची पानं उलटून वाचलं आणि कान गरम झाले. भिशी म्हणे!

सकाळी शेखलाल दाढीला गेलेला बघून भाभींकडे गेलो. त्या ओट्याशी उभ्या राहून बोलल्या. "इम्तियाजला कळलं तर तो आम्हाला शिरूरला न्हेणार, भाऊ. घर मोठं घेतलंय त्यानं. पोरगा चांगला हाय, शाहिस्ताबी सून म्हणून गुणाची हाय. पण ह्यांना एकच भ्या. म्हणतात, शिरूरला रेल्वे न्हाई. गाडीची शिट्टी ऐकल्याबिगर मला झोप यायची न्हाई. आन् एकदा गेलो की ह्या घराला कुलूपच."

"पण डोळे तपासले का?"

"इम्तियाजनं शिबिरात तपासून घेतले की, बकरी ईदला. तिथं पास झाले."

पास कसे झाले, हे भाभींनाही ठाऊक नव्हतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एसटीने शिरूरला गेलो. इम्तियाज रात्रपाळी करून आलेला, तरी बसला माझ्यासमोर. शाहिस्ताने शिरखुर्मा नाही पण त्याच्या तोडीचा शिरा खायला घातला.

"अब्बांच्या डोळ्यांचं काय, चाचा? शिबिरात मीच नेलं हुतं. वरच्या मोठ्या अक्षरापासनं खालच्या ओळीपत्तुर घडाघडा वाचलं. माझ्यापेक्षा चांगलं."

घडाघडा म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. रेल्वेत डोळ्यांच्या तपासणीत नापास म्हणजे इंजिन सुटलं, मग बसा ऑफिसात. त्या भीतीने तो इंग्रजी अक्षरांचा तक्ता ड्रायव्हर लोकांना पाढ्यासारखा पाठ. शेखलाल तर ड्यूटीवर चहा पिताना तो उलटाही म्हणायचा, गंमत म्हणून. तक्ता सगळीकडे तोच. शिबिरातही तोच.

इम्तियाजला सांगितलं. तो बराच वेळ तळव्यांनी डोळे चोळत बसला. "मी आपला खूश, की अब्बा ठणठणीत हायेत," म्हणाला. मग म्हणाला, "मी कुठं जबरदस्ती करणार हाय, चाचा? दौंडला राहायचं तर राहू दे की. पण डोळं तरी दाखवू दे." मी म्हटलं, हे तू त्यालाच सांग, पण आधी मला एकदा बोलू दे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शेखलालच्या ओट्यावर बसून सरळच बोललो. "दसऱ्याला लाल होता."

समोरून शाळेची पोरं गेली, तो आवाजाच्या दिशेने बघत राहिला.

"किती जणांला कळलं?"

"मला."

"तुला म्हंजी सगळ्यात शेवटी." हसला. मग म्हणाला, "येतो दवाखान्यात. पण पास झालो तर पुन्हा हा इषय काढायचा न्हाई. कबूल?"

त्याच्या आवाजात पाठ तक्त्याचा भरवसा होता. मी कबूल म्हणालो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शिरूरचा डोळ्यांचा दवाखाना. इम्तियाज, भाभी आणि मी. डॉक्टरीण तरुण, बोलायला गोड. शेखलालला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला. समोर भिंतीवर तोच तक्ता.

त्याने घसा साफ केला आणि सुरू झाला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. स्पष्ट, खणखणीत, मेन लाइनला गाडी लागावी तसा. चौथी. पाचवी. डॉक्टरीण कौतुकाने बघायला लागली. इम्तियाज माझ्याकडे बघत होता, भाभी जमिनीकडे.

मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो होतो. गप्प बसलो असतो तर तो जिंकला असता आणि कारखान्यात रोज आला असता, चहात ब्रश बुडवायला, जोवर काही दिसत होतं तोवर. मला तो यायला हवा होता, फार हवा होता. म्हणून तोंड उघडायला वेळ लागला.

"बाई," मी म्हणालो, "तक्ता बदला."

शेखलालची मान ताठ झाली. वळला नाही. डॉक्टरणीने बटण दाबलं. भिंतीवर मराठी अक्षरं आली, सगळ्यात वर एकच, ताटलीएवढं मोठं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मला मागच्या बाकावरूनही ते 'ग' दिसत होतं.

"वाचा, काका."

तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग झाकलेल्या डोळ्यावरचा हात काढला, दोन्ही डोळ्यांनी बघितलं, आणि अगदी हळू म्हणाला, "दिसत न्हाई, माऊली."

नाव डॉक्टरणीचं नाही घेतलं, मुलाचं नाही. माझं घेतलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते कुणाला दिसलं नसावं, सगळे त्याच्याकडे बघत होते.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकलेले. डॉक्टरीण म्हणाली, घाबरायचं कारण नाही, पण आणखी वर्षभर लपवले असते तर अवघड होतं. ऑपरेशन गुरुवारी उजव्याचं, मग महिन्याने डाव्याचं. इम्तियाज बापासमोर उकिडवा बसला. "पंधरा दिस माझ्याकडं, अब्बा. औषधं टाकायला. मंग मी सोता दौंडला सोडतो. घराची किल्ली अम्मीकडंच राहील."

शेखलालने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही जिन्यापाशी आलो. भाभी पुढे होणार तेवढ्यात त्याने हाताने त्यांना थांबवलं आणि हात माझ्या दिशेने लांब केला. अजून रागावलेला होता, ते त्याच्या पंजावरूनच कळत होतं. इतका घट्ट धरला की माझी बोटं दुखली.

"गुरवारी गार्ड कोण हाय?" त्याने विचारलं.

"मीच."

"मंग सोड गाडी," म्हणाला, आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं.